नेफर्टिटीचा एकच चेहरा आपल्याला का माहीत आहे?

डोळे मिटून नेफर्टिटी आठवा म्हटलं, की बहुतेकांना एकच चित्र दिसतं. वरून सपाट कापल्यासारखा उंच निळा मुकुट, लांब मान, किंचित पुढे झुकलेला चेहरा, तांबूस ओठ आणि एका डोळ्याच्या जागी नुसता पांढरा दगड. हे चित्र टी-शर्टवर असतं, दंडावरच्या टॅटूत असतं, मेकअप शिकवणाऱ्या व्हिडिओंत असतं. बियॉन्से २०१८ साली कोचेला महोत्सवाच्या मंचावर आली ती या राणीच्या वेशात. रिहानाने हा चेहरा अंगावर गोंदवून घेतला आहे. मान आणि जबडा रेखीव दिसावा म्हणून बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, त्या उपचाराचं नावही 'नेफर्टिटी लिफ्ट'. इजिप्तच्या राण्यांमध्ये क्लिओपात्राचं नाव जास्त घेतलं जात असेल, पण क्लिओपात्रा म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर कुठली तरी नटी उभी राहते. नेफर्टिटीचा चेहरा मात्र सगळ्यांच्या मनात एकच.

हा चेहरा १९१२ सालापर्यंत जगात कोणालाही ठाऊक नव्हता. त्याआधी तीन हजारांहून अधिक वर्षं तो मातीखाली पडून होता, आणि ज्या राजवटीची ती राणी होती तिचं नाव मागून आलेल्या राजांनी मुद्दाम पुसून टाकलं होतं. तिची आजची कीर्ती जेमतेम शंभर वर्षांची आहे आणि ती एका अर्धपुतळ्याच्या फोटोंवर उभी आहे. राणी म्हणून तिने काय केलं, दरबारात तिचं वजन किती होतं, हे दुसरीकडेच कोरलेलं आहे: फुटक्या, रंग उडालेल्या, इकडेतिकडे विखुरलेल्या दगडांवर. त्या दगडांचे फोटो फारसे कोणी शेअर करत नाही. म्हणून आधी तिकडेच जाऊ.

दगडांवरची राणी

नेफर्टिटी या नावाचा अर्थ 'सुंदरी आली आहे'. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे मूळ उच्चार अभ्यासकांनी अंदाजानेच ठरवला आहे. तिचे आईवडील कोण, हे कुठेही कोरलेलं सापडलेलं नाही. नवऱ्याबद्दल मात्र भरपूर सापडतं. इ.स.पू. १३५३ च्या सुमारास तो चौथा आमेनहोतेप या नावाने गादीवर आला. तेव्हा थीब्जमध्ये, म्हणजे आजच्या लक्सरमध्ये, अमुन देवाचं मोठं प्रस्थ होतं. देवळाच्या मालकीच्या जमिनी होत्या, गुरं होती, पुजाऱ्यांचा मोठा गोतावळा होता. या राजाने अमुनला बाजूला सारलं आणि सूर्याचं बिंब, म्हणजे आतेन, हाच देव मानला. आतेनला माणसाचं किंवा प्राण्याचं रूप नव्हतं. एक गोल बिंब, त्यातून खाली येणारे किरण, आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला एक इवलासा हात. राज्याच्या पाचव्या वर्षी राजाने आपलं नाव बदलून अखेनातेन असं घेतलं आणि नाईलच्या पूर्व काठावरच्या मोकळ्या जागेत नवी राजधानी उभारायला घेतली. तिचं नाव अखेतातेन. आज ती जागा अमार्ना म्हणून ओळखली जाते. कैरोच्या दक्षिणेला साधारण तीनशे किलोमीटरवर, मिन्या प्रांतात.

राणीला एवढं महत्त्व का आलं, ते इथे समजतं. इजिप्तच्या जुन्या कथेत सृष्टी घडवणाऱ्या देवापासून एक जोडी जन्माला येते: शू आणि तेफ्नुत, एक पुरुष आणि एक स्त्री. देव एकटा नसतो, त्याचं एक कुटुंब असतं. अखेनातेनने बाकीच्या देवदेवता बाजूला सारल्या तेव्हा या कुटुंबातली स्त्रीची जागा रिकामी झाली, आणि तिथे नेफर्टिटी आली. आतेन, राजा आणि राणी असं त्रिकूट तयार झालं. लोकांनी थेट सूर्याची आराधना करायची नव्हती. राजाराणीची करायची आणि ते दोघं ती सूर्यापर्यंत पोचवणार. अमार्नाच्या श्रीमंत घरांतून दगडी पाट्या मिळाल्या आहेत, त्यांवर राजा, राणी आणि त्यांच्या मुली आहेत. आपल्या देव्हाऱ्यात तसबीर असावी तशा त्या घरात असत. तिचा तो सपाट निळा मुकुटही काही अभ्यासक तेफ्नुतशी जोडतात.

अशीच एक पाटी बर्लिनच्या संग्रहात आहे. राजा एका मुलीला उचलून तिचा मुका घेतोय, राणीच्या मांडीवर दुसरी मुलगी, आणि तिसरी खांद्यावर चढून आईच्या मुकुटाशी खेळतेय. इजिप्तच्या राजघराण्याची इतकी घरगुती चित्रं त्याआधी कोणी काढली नव्हती, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्या मुलींकडे जातं. मला मात्र दरवेळी त्या दोघांच्या बैठकी पाहाव्याशा वाटतात. राजाची बैठक साधी आहे. राणीच्या बैठकीवर एकमेकांत गुंफलेल्या वनस्पतींची नक्षी आहे. उत्तर आणि दक्षिण इजिप्त एक झाल्याचं ते चिन्ह, आणि ते सहसा सिंहासनावर बसणाऱ्या राजासाठी राखलेलं असतं.

याहून स्पष्ट पुरावेही आहेत. अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात एक दगड आहे. त्यावर नेफर्टिटी होडीत उभी राहून शत्रूचे केस धरून त्याच्यावर शस्त्र उगारतेय. हजारो वर्षं इजिप्तमध्ये ही मुद्रा फक्त फॅरोची, म्हणजे राजाची, होती. थीब्जमधल्या कर्नाकच्या एका देवळात ती थोरल्या मुलीला, मेरितातेनला, सोबत घेऊन आतेनला नैवेद्य दाखवते आणि त्या दृश्यांत राजा कुठेच नाही. अखेनातेनच्या दगडी शवपेटीच्या चार कोपऱ्यांवर परंपरेने चार संरक्षक देवी असायला हव्या होत्या. तिथे चारही ठिकाणी नेफर्टिटी आहे. मेलेल्या राजाचं रक्षण करणारी देवी ती स्वतः.

कर्नाकच्या त्या दगडांची हकिगत सांगायलाच हवी. अखेनातेनने देवळं झटपट उभी राहावीत म्हणून छोट्या आकाराचे दगड वापरले, साधारण अर्धा मीटर लांबीचे, एका माणसाला खांद्यावर वाहून नेता येतील असे. त्यांना आज 'तलातात' म्हणतात. पुढे होरेमहेब राजाने ही देवळं पाडली आणि ते दगड कर्नाकच्याच भव्य दरवाज्यांच्या भिंतींत भरण म्हणून कोंबले. हेतू होता आठवणसुद्धा राहू नये. झालं उलटंच. भिंतीच्या पोटात उन्हावाऱ्यापासून ते दगड सुरक्षित राहिले आणि विसाव्या शतकात दुरुस्तीच्या वेळी हजारोंनी बाहेर आले, कित्येकांवर रंगासकट. पण कुठला दगड कुठल्या चित्राचा? १९६० च्या दशकात रे विनफिल्ड स्मिथ या अमेरिकी गृहस्थांनी सगळ्या दगडांचे फोटो काढले आणि त्यांचं वर्णन आयबीएमच्या संगणकात भरून जुळणी सुरू केली. पुरातत्त्वात संगणक वापरण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक. त्यातून निघालेली गोष्ट कोणाच्याही ध्यानीमनी नव्हती: थीब्जच्या या दगडांवर नेफर्टिटीच्या आकृत्या राजाच्या आकृत्यांच्या जवळपास दुप्पट होत्या. तिच्या अर्धपुतळ्याइतकीच ही मोजणी प्रसिद्ध व्हायला हवी होती.

पुढे काय झालं? अनेक वर्षं पुस्तकांत असं छापून येत होतं की राज्याच्या बाराव्या वर्षानंतर नेफर्टिटी अचानक गायब होते. मेली असेल, राजाची मर्जी गेली असेल, हाकलून दिलं असेल. २०१२ साली बेल्जियमच्या पथकाने अमार्नाच्या उत्तरेकडच्या दैर अबू हिन्निस इथल्या दगडखाणीत शाईने लिहिलेल्या काही ओळी जाहीर केल्या. साल सोळावं, आणि राजाची पट्टराणी म्हणून नेफर्टिटीचं नाव. राजाचं राज्यच सतरा वर्षांचं. म्हणजे ती शेवटापर्यंत पट्टराणी होती, आणि तिच्या पतनाच्या त्या साऱ्या रंगीत कथा खाणीतल्या पाच ओळींनी निकालात काढल्या.

त्यानंतर नेफरनेफरुआतेन नावाची एक राज्यकर्ती दिसते. फॅरोच्या पदव्या, पण नावाची रूपं मधूनमधून स्त्रीलिंगी, आणि एका बिरुदाचा अर्थ 'आपल्या पतीला उपकारक'. नेफर्टिटीनेही राणी असताना नेफरनेफरुआतेन हे नाव लावलं होतं. म्हणून बरेच अभ्यासक मानतात की नवऱ्यानंतर तीच फॅरो झाली. काहींच्या मते ती मेरितातेन असावी. मला पहिलं मत अधिक पटतं. शत्रूवर शस्त्र उगारणारी राणी गादीवर बसली, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही.

मग मोडतोड सुरू झाली. तुतानखामेन लहान वयात गादीवर आला, अमुन परतला, राजधानी ओस पडली. पहिल्या सेती राजाने अबिदोसच्या देवळात पूर्वजांची यादी कोरली, तीत तिसऱ्या आमेनहोतेपनंतर थेट होरेमहेब येतो. अखेनातेन, नेफरनेफरुआतेन, तुतानखामेन, आय, सगळे मधल्यामध्ये गाळलेले.

आणि आणखी एक गोष्ट, जी या राणीच्या सौंदर्याबद्दलच्या कुठल्याही व्हिडिओत येत नाही. अमार्नात गेल्या वीसेक वर्षांत सामान्य माणसांच्या दफनभूमी खणल्या गेल्या. हाडं सांगतात की लोक अर्धपोटी होते, फार ओझी वाहत होते आणि तरुणपणीच मरत होते. उत्तरेकडच्या दफनभूमीत बहुतेक मृतांचं वय ७ ते २५ च्या दरम्यान आहे. सूर्याच्या हातांखाली मुलींना खेळवणाऱ्या त्या कुटुंबाचं शहर झटपट उभं राहिलं ते या पोरांच्या पाठीवर. नेफर्टिटीबद्दल आदर बाळगूनही हे विसरता येत नाही.

एक कार्यशाळा, एक मुकुट, एक डोळा

६ डिसेंबर १९१२. जर्मन उत्खनक लुडविग बोरखार्ट अमार्नात एका शिल्पकाराचं घर आणि त्याला लागून असलेली कार्यशाळा खणत होते. हे घर कोणाचं, ते अंगणातल्या खड्ड्यात मिळालेल्या घोड्याच्या हस्तिदंती झापडावरून कळलं. त्यावर मालकाचं नाव होतं: शिल्पकार थुतमोस. एका लहानशा खोलीतल्या मातीत हा अर्धपुतळा सापडला. बहुधा फळीवर ठेवलेला असावा, फळी कुजली आणि तो खाली आला. मातीतून त्याला हळुवार बाहेर काढणारे हात मोहम्मद अस-सेनुसी या इजिप्शियन मुकादमाचे होते. हे नाव सांगायला लोक विसरतात म्हणून मुद्दाम लिहिलं. बोरखार्टनी रोजनिशीत नोंद केली की वर्णन करून उपयोग नाही, पाहायलाच हवं.

पुतळा जेमतेम अर्धा मीटर उंच, वजन वीस किलो. त्यावर कुठेही नाव नाही. ही नेफर्टिटी, हे ओळखलं ते मुकुटावरून. असा सपाट माथ्याचा निळा मुकुट इतर कोणत्याही राणीच्या डोक्यावर दिसत नाही. उजव्या डोळ्यात स्फटिक बसवलंय, बुबुळ काळ्या रंगाचं आणि तो रंग मधमाश्यांच्या मेणात कालवलेला. डाव्या डोळ्याच्या खोबणीत काही चिकटवल्याच्या खुणाच नाहीत. म्हणजे तो डोळा हरवलेला नसून बसवलेलाच नसावा. राज्यभर राणीच्या मूर्ती घडवायच्या तर कारागिरांना समोर एक नमुना लागतो. हा अर्धपुतळा तसा नमुना असावा, असं बहुतेकांचं मत आहे. देवळासाठी नाही, कबरीसाठी नाही. कार्यशाळेत मापं घेण्यासाठी.

आतला भाग चुनखडीचा आणि वर जिप्समचे थर. बर्लिनमधल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जिप्समखाली, दगडातच, आणखी एक चेहरा पूर्ण कोरलेला निघाला. त्याच्या ओठांच्या कडेला आणि गालांवर बारीक सुरकुत्या आहेत, नाकाच्या दांड्याला हलकासा उंचवटा आहे. थुतमोसने किंवा त्याच्या हाताखालच्या कोणी वरून पातळ थर देऊन तो चेहरा तुळतुळीत केला. कुठला चेहरा खरा, या प्रश्नात मी पडणार नाही. शिल्पकाराने दोन्ही विचारपूर्वक घडवले. पण त्याच कार्यशाळेत मिळालेली नेफर्टिटीची एक छोटी उभी मूर्ती जरूर पाहा. तीही बर्लिनला आहे. तिच्यात राणी उतारवयाकडे झुकलेली आहे. ओठांचे कोपरे खाली ओढलेले, छाती उतरलेली, पोटावर बाळंतपणांची खूण. सहा मुलींची आई. मला ती मूर्ती अर्धपुतळ्याहून जवळची वाटते, आणि ती कुठल्याच टी-शर्टवर दिसत नाही याचं वाईट वाटतं.

मग एकच चेहरा एवढा का पसरला? योग्य वेळी योग्य कॅमेऱ्यासमोर आला म्हणून. पुतळा १९१३ सालीच जर्मनीत पोचला होता, पण तो काही वर्षं उत्खननाचा खर्च करणाऱ्या जेम्स सिमोन या व्यापाऱ्याच्या घरी होता. सिमोनने १९२० साली तो सरकारला दान केला आणि लोकांसमोर आला तो १९२४ साली. दोनच वर्षांपूर्वी तुतानखामेनची कबर सापडली होती आणि युरोपला इजिप्तचं वेड लागलं होतं. त्या काळच्या फॅशनमध्ये बायका केस कापत होत्या, सडपातळ बांधा आणि लांब मान सुंदर मानली जात होती. मुकुटाखाली एकही केस न दिसणारी, कोनाकोनांची ही राणी पाहणाऱ्यांना आपल्याच जमान्यातली वाटली. त्यात सचित्र मासिकं घरोघरी जात होती. बाजूने काढलेला तिचा फोटो छापायला सोपा होता. नुसती बाह्यरेषा पुरे. आज बोटभर पडद्यावरही ती चटकन ओळखू येते, ते याच कारणाने.

ऑनलाइन फिरणाऱ्या तीन गोष्टी

पहिली आपल्याकडे फार फिरते: नेफर्टिटी मूळची वैदिक संस्कृतीतली राजकन्या होती. या दाव्यामागे खरा इतिहास आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. आजच्या सीरियाच्या उत्तर भागात तेव्हा मितन्नी नावाचं राज्य होतं. तिथल्या एका राजाने हित्ती राजाशी केलेल्या तहात साक्षीदार म्हणून मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांची नावं घेतली आहेत. मितन्नीच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाच्या ग्रंथात आकडे येतात ते ऐक, तेर, पंझ, सत्त असे. मराठी माणसाला अर्थ सांगावा लागत नाही. मितन्नीचा तुश्रत्त राजा हे नाव त्वेषरथ या शब्दाशी जोडलं जातं. त्याची मुलगी तदुखिपा इजिप्तला लग्न होऊन गेली, हे अमार्नात सापडलेल्या कीलाकार लिपीतल्या पत्रांवरून नक्की कळतं. 'सुंदरी आली आहे' म्हणजे परदेशातून आली असेल, मग तदुखिपाच नेफर्टिटी, असा तर्क जुन्या काही अभ्यासकांनी केला होता. तो टिकला नाही. अमार्नात आय या अधिकाऱ्याची (पुढे गादीवर आलेला तोच आय) कबर आहे. तिथे त्याच्या बायकोची पदवी कोरलेली आहे: नेफर्टिटीची दाई. शिवाय राणीची एक बहीण दरबारात वावरताना दिसते. दाई इजिप्तची, बहीण इजिप्तमध्ये. मुलगी तिथेच वाढली. मितन्नीतले वैदिक देव हा स्वतंत्र आणि फार मोठा विषय आहे, त्याला या राणीच्या आधाराची गरज नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. ती गोरी होती की काळी, यावर रोज हमरीतुमरी चालते. क्लिओपात्राच्या बाबतीत निदान तिचं घराणं मॅसिडोनियन ग्रीक होतं एवढं तरी हातात आहे. नेफर्टिटीच्या घराण्याचा पत्ताच नाही. अर्धपुतळ्याची त्वचा तांबूस रंगवलेली आहे, पण इजिप्तच्या चित्रांत त्वचेचा रंग ठरावीक संकेतांप्रमाणे देत: पुरुष तांबडे-तपकिरी, बायका बहुधा पिवळसर. अमार्नाच्या कलेत हा संकेत पुष्कळदा मोडतो. त्यामुळे रंगावरून वंश काढणं म्हणजे तसबिरीतल्या निळ्या कृष्णावरून यादवांचा रंग ठरवण्यासारखं आहे. या वादामागची ओढ मात्र मला खोटी वाटत नाही. युरोपातल्या अभ्यासकांनी एके काळी इजिप्तला आफ्रिकेपासून तोडून दाखवलं, आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनी या चेहऱ्यात आपलं हिसकावून घेतलेलं काही शोधलं. बियॉन्से आणि रिहाना त्याच वाटेवर आहेत.

तिसरी म्हणजे 'नेफर्टिटीची ममी सापडली' ही बातमी. ती दर काही वर्षांनी येते. २००३ साली राजांच्या दरीतल्या 'धाकटी बाई' या ममीवर बोट ठेवलं गेलं. २०१० च्या डीएनए तपासणीत ती तुतानखामेनची आई आणि तिसऱ्या आमेनहोतेपची मुलगी निघाली. नेफर्टिटीला 'राजकन्या' ही पदवी कुठेच नाही, म्हणून ती ही नसावी. २०१५ साली तुतानखामेनच्या कबरीत गुप्त दालन असल्याचा तर्क निकोलस रीव्ह्ज यांनी मांडला. २०१८ साली इटलीच्या पथकाने रडारने भिंती तपासल्या. मागे दालन नव्हतं.

पुतळा कोणाचा, आणि त्याची फाइल कोणाची?

त्या काळी उत्खननात जे मिळेल त्याची इजिप्त आणि उत्खनन करणारे यांच्यात निम्मी निम्मी वाटणी होत असे. २० जानेवारी १९१३ ला ती अमार्नातच झाली. इजिप्तच्या पुरावस्तू खात्याकडून आलेले गुस्ताव लफेव्र फ्रेंच होते. घेणारे जर्मन होते. देशावर ताबा ब्रिटिशांचा होता. ज्यांच्या जमिनीतून ही राणी निघाली त्यांच्यापैकी कोणीही वाटणी ठरवायला बसलेलं नव्हतं. वाटणीला हजर असलेल्या एका जर्मन सचिवाचं १९२४ सालचं टिपण २००९ मध्ये उजेडात आलं. त्यानुसार पुतळ्याची नोंद जिप्समची, एका राजकन्येची म्हणून झाली होती, आणि दाखवलेल्या फोटोत तिचं देखणेपण दिसत नव्हतं. वाटणी कायदेशीर होती, असं बर्लिन सांगतं. कागदोपत्री असेलही. तो कायदा लिहिणारे कोण होते, हे पाहिलं की कागदाचं वजन कमी होतं.

इजिप्तने १९२० च्या दशकातच पुतळा परत मागितला. १९३३ साली तो परत द्यायचा विचार जर्मन सरकारात झाला होता. हिटलरने तो विचार मोडीत काढला. युद्धात राणी थुरिंगियातल्या मिठाच्या खाणीत लपवली गेली, तिथून अमेरिकी सैन्याच्या ताब्यात, मग पश्चिम बर्लिनमध्ये, आणि २००९ पासून बर्लिनच्याच नॉयेस म्युझियममध्ये. तिच्या दालनात फोटो काढायला मनाई आहे.

या मनाईतूनच आजचा वाद उभा राहिला. डिसेंबर २०१५ मध्ये नोरा अल-बद्री आणि यान निकोलाइ नेलेस या कलाकारांनी पुतळ्याची बारकाव्यांसह त्रिमितीय फाइल सगळ्यांसाठी खुली केली. लपवून नेलेल्या साध्या गेमिंग सेन्सरने आम्ही ती टिपली, असं त्यांचं म्हणणं होतं. जाणकारांनी लगेच सांगितलं की त्या उपकरणाने एवढी बारीक नोंद होऊच शकत नाही. ही बहुधा संग्रहालयाच्या स्वतःच्या स्कॅनची नक्कल असावी. तेव्हा खरा प्रश्न पुढे आला. सार्वजनिक संग्रहालयाने सार्वजनिक पैशातून केलेलं स्कॅन लोकांना का मिळू नये? कॉस्मो वेनमन या अमेरिकी कलाकाराने माहितीच्या अधिकाराखाली तीन वर्षं पाठपुरावा केला. २०१९ साली फाइल मिळाली. तिच्यात पुतळ्याच्या तळाशी, संगणकातच, परवान्याची अक्षरं कोरलेली होती: व्यावसायिक वापर करू नये. साडेतीन हजार वर्षं जुन्या होत आलेल्या चेहऱ्यावर आजच्या संस्थेने अट घालावी, हे मला पटत नाही. ज्याने तो घडवला त्या थुतमोसचा आणि जिचा तो आहे त्या राणीचा वारसा फाइलच्या रूपात तरी मोकळा असलाच पाहिजे.

मूळ पुतळ्यासाठी इजिप्तचे माजी पुरातत्त्वमंत्री झाही हवास यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन सह्यांची मोहीम सुरू केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये गिझाच्या पिरॅमिडांजवळ ग्रँड इजिप्शियन म्युझियमचं उद्‌घाटन झाल्यापासून मागणीला अधिक जोर आला आहे. पुतळा नाजूक आहे, प्रवास झेपणार नाही, हे बर्लिनचं उत्तर. जिप्सम खरोखरच नाजूक असतं. पण तो पुतळा मिठाच्या खाणीतूनही सुखरूप आला आहे.

इजिप्तमधल्या लोकांना या सगळ्याचं काय वाटतं, याची दोन चित्रं माझ्या मनात राहिली आहेत. २०१२ साली, क्रांतीनंतरच्या धामधुमीत, कैरोतल्या एल झेफ्त नावाच्या चित्रकाराने भिंतीवर नेफर्टिटी काढली. तोच मुकुट, तीच मान, आणि तोंडावर अश्रुधुरापासून वाचवणारा मुखवटा. निदर्शनांत उतरलेल्या बायकांना तो मान होता. ते चित्र पुढे जगभरच्या मोर्चांतल्या फलकांवर दिसलं.

दुसरं २०१५ चं. मिन्या प्रांतातल्या समालूत गावाच्या वेशीवर नेफर्टिटीचा नवा पुतळा बसवला गेला. तो अजिबात साधला नव्हता. चेहरा ओबडधोबड, मान आखूड, रंग मातकट. फोटो ट्विटरवर गेले आणि देशभर हसं झालं. काही दिवसांत पुतळा हटवला. त्या जागी शांततेचं कबूतर बसवू, असं स्थानिक प्रशासनाने सांगितलं. अमार्ना याच मिन्या प्रांतात आहे. थुतमोसची कार्यशाळा, ती लहानशी खोली, जिथे राणी पडली होती ती माती, सगळं तिथून मोटारीने जाता येईल एवढ्या अंतरावर. मूळ पुतळा पाहायचा असेल तर समालूतच्या माणसाला जर्मनीचा व्हिसा काढावा लागतो.